सकूच्या हातची मशेरी

सकू गेली त्या दिवशी मी म्हशाच्या जत्रेत तंबाखू घेत होतो.

बाराच्या सुमाराला आमच्या मुलाचा, आदेशचा, फोन आला. "बाबा, घरी या," म्हणाला. मी म्हटलं, "अजून मोजून व्हायची आहे." तो म्हणाला, "असू द्या. या." मागे कोणीतरी रडत होतं. पण जत्रेत पाळण्यात बसलेल्या पोरी किंचाळत होत्या, त्यामुळे मला ते इकडचंच वाटलं. मी व्यापाऱ्याला तंबाखू मोजू दिली. बारा किलो. सकूने सांगितलं होतं म्हणून दोन पानं हुंगून पाहिली. गोणीचं तोंड सुतळीने शिवून घेतलं आणि मुरबाडच्या गाडीला उभा राहिलो.

मुरबाडच्या स्टँडवर पुन्हा फोन आला. या वेळी माझा भाचा शेखर होता, कल्याणहून. त्याला वाटलं मला कळलंय. तो म्हणाला, "मामा, मामीचं ऐकलं. मी निघालोय." तेव्हा मला कळलं.

शहापूरची गाडी लागली होती. मी गोणी चढवली आणि बसलो. कंडक्टर म्हणाला, गोणीचं लगेज पडेल. मी म्हटलं, लाव.

सापगावला उतरलो. तिथून आमचं गाव आत, दोन किलोमीटर. गोणी डोक्यावर घेऊन चालत आलो. अंगणात माणसं जमली होती. बायको गेलेला माणूस बारा किलो तंबाखू डोक्यावर घेऊन येतोय, हे सगळ्यांनी पाहिलं. चौघे मला धरायला पुढे आले. त्यांनी आधी गोणी धरली.

सकूला सकाळी छातीत दुखलं होतं. आदेशने रिक्षा आणली. शहापूरला पोचायच्या आत ती गेली. अठ्ठावन्न वर्षांची होती. दम्याची गोळी चालू होती, बाकी काही नव्हतं.

आता तंबाखूचं सांगतो.

मी गावचा पाणी सोडणारा. सकाळी सहाला टाकीचा व्हॉल्व्ह फिरवतो, साडेसातला बंद करतो. आमच्याकडे बायका त्याच वेळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजून, कुटून, कपड्यातून चाळलेली पूड. बोटाने दातांना चोळायची आणि अर्धा तास तोंड मिटून बसायचं. तोंड उघडलं तर सांडते. पाणी कमी आलं तरी मशेरी तोंडात असेपर्यंत शिवी बाहेर पडत नाही. म्हणून मी सहालाच सोडतो. सरपंचांना वाटतं मी वेळेचा पक्का आहे.

मशेरी घरोघरी भाजतात, पण आमच्या गावात सकूची चालायची. तिची झोंबायची नाही आणि फिकीही लागायची नाही. बायका तिच्याकडे तंबाखू आणून द्यायच्या आणि बुधवारी संध्याकाळी डबा घेऊन जायच्या. भाजायचा धूर फार लागतो. गल्लीत एकीने भाजायला घेतली तर चार घरं खोकतात. सकू म्हणायची, गावात धूर नको, मी मळ्यावर जाऊन भाजते. बुधवारी दुपारी मी झोपलेलो असायचो. ती जायची आणि दिवे लागायच्या आत यायची. इतकंच मला माहीत होतं.

मार्गशीर्षात आदेशने मोबाइलवर वाचून दाखवलं की फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून तंबाखू महागणार आहे. जनावहिनी तेव्हा आमच्या ओटीवर बसली होती. जनावहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, जनाबाई. सत्तरीची आहे. तिने ते नळावर सांगितलं. पहिल्या नळावर ते 'बंद होणार' झालं. खालच्या आळीच्या नळावर पोचेपर्यंत 'घरात सापडली तर पोलीस नेणार' झालं. संध्याकाळी अकरा बायका आमच्या अंगणात होत्या.

"सकू, आता काय गो करायचं?" जनावहिनी म्हणाली.

"काय करायचं? वरसाची एकदम भाजून ठेवायची."

"आनि पोलीस आले तर?"

"त्यांनाबी देऊ चिमूटभर. अर्धा तास गप बसतील."

मग ठरलं. म्हशाच्या जत्रेला तंबाखूवाले येतात, तिथून मी वर्षाची तंबाखू आणायची. सकूने शब्द दिला की पहिल्या तारखेच्या आत प्रत्येकीचा डबा भरून देईन. बायकांनी दुसऱ्या दिवशी डबे आणून ठेवले. बिस्किटांचे, तुपाचे, लहान मुलांच्या पावडरीचे. आमची सून अक्षदा हिने त्यांच्यावर पेनाने नावं लिहिली. बायका अकरा होत्या आणि डबे बारा. बाराव्यावर नाव नव्हतं. तो सकूचा असेल असं अक्षदाला वाटलं. मलाही तेच वाटलं.

बारावं होईपर्यंत गोणी ओटीवरच राहिली. तिला आत न्यायला कोणाला सुचलं नाही. भेटायला येणारे पुरुष तिला टेकून बसत. बायका येत, रडत, आणि रडताना मध्येच नाक ओढून गोणीकडे बघत. घरोघरची मशेरी संपत आली होती. नवी भाजायला घेतली नव्हती, कारण सकू वर्षाची देणार होती. पण सुतकाच्या घरात मशेरी कशी मागणार. त्या आठवड्यात पाण्याच्या तक्रारी फार वाढल्या.

दहाव्याला शेखर पुन्हा आला. जेवणं झाल्यावर तो घराच्या मागे गेला आणि थोड्या वेळाने तिकडून आंब्याचा वास आला.

"पौषात आंबा कुठला रे?" जनावहिनीने ओरडून विचारलं.

तो पुढे आला. हातात पेनासारखी नळी होती. "आंबा नाय काकी. वाफ ओढायची असते ही. बिडीसारखी, पण बिडी नाय."

"ही टीवीवर दाखवतात ती? ती बंद हाय ना?"

"कधीच बंद झाली. पाच-सहा वर्षं झाली."

"मग तुला कशी मिळते?"

"मिळते."

"बंद होऊन मिळते?"

"आता तर जास्त मिळते." शेखर पायरीवर बसला. "बंदी येणार तेव्हा मी पण भरून ठेवलेलं, काकी. तिच्यात घालायचं पाणी असतं, त्याच्या पन्नास बाटल्या. कपाट भरलं. वर्षभरात निम्म्या बाटल्या काळ्या पडल्या. आंब्याची चव फिनेलसारखी लागायची. भरून ठेवण्यात काय अर्थ नाय."

"तुझं पानी हाय रे. मशेरी धा वरसं ठेवली तरी काय व्हत नाय," जनावहिनी म्हणाली. मग तिने गोणीकडे पाहिलं. "भाजलेली असली तर," असं हळू म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. ती सकूसाठी रडत होती की मशेरीसाठी, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्हीसाठी. त्यात वाईट काही नाही.

बाराव्यानंतर दोन दिवस थांबून ती एकटी आली. ओटीवर न बसता उभी राहिली.

"अनंता, तुला आता बोलायचं नाय, पन बाया इचारतात. गोणीचं काय?"

"सकूने शब्द दिलाय ना?"

"दिलाय, पन ती नाय ना आता."

"तंबाखू आहे, डबे आहेत," मी म्हटलं. "मी भाजतो."

जनावहिनीने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तू? तुला चहा करता येतो का रे?"

येत नव्हता. पण सदतीस वर्षं ज्या बाईने गावाला मशेरी पुरवली तिच्या नवऱ्याला ती भाजता येऊ नये, हे मला पटलं नाही. सकूने मरायच्या आधी शेवटचं जे काम हातात घेतलं होतं ते हेच होतं. ते अर्धं पडलेलं मला बघवत नव्हतं. पहिल्या तारखेला पंधरा दिवस होते.

मी अंगणात तीन विटा मांडल्या, तवा ठेवला, पानं टाकली. थोड्या वेळाने डोळ्यांत धूर गेला तो जाईना. अक्षदाने नातीला घेऊन दारं लावून घेतली. शेजारचा धाकलू खोकत कुंपणापाशी आला, कोण मेलं म्हणून बघितलं आणि एकदम जीभ चावून परत गेला. मला डोळे उघडता येईनात. उघडले तेव्हा तव्यावर जाळ होता. तरी जे उरलं ते मी कुटलं आणि जनावहिनीला नेऊन दिलं.

तिने बोटावर घेऊन दाताला लावलं. लगेच थुंकली. "ही मशेरी नाय रे बाबा. चुलीतली राख हाय."

दुसऱ्या खेपेला मी लवकर उतरवली.

"ही तर तंबाखूच हाय," ती म्हणाली. "उन्हात फिरून आलेली."

तिसऱ्या खेपेला तिने तोंडात घेतलीच नाही, नुसती हुंगली.

मला वाटलं, चूक तव्याची असेल. आमचा तवा भाकरीचा होता. सकूचा मशेरीचा तवा वेगळा असणार. मी तो शोधायला लागलो. घरात चार तवे निघाले. चारही हुंगून पाहिले. चारही भाकरीचे. माझ्या हातातल्या तव्याला मात्र आता मशेरीचा वास होता, आणि अक्षदाने तो परत घरात घेतला नाही.

मग म्हटलं, मळ्यावर ठेवला असेल. ती तिथेच भाजायची. दुपारी मळ्यावर गेलो. खोपटात चूल होती. चुलीच्या दगडांना कोळ्याचं जाळं होतं, आत सागाची वाळलेली पानं पडली होती. त्या चुलीत कित्येक वर्षं विस्तव पडलेला नव्हता.

मी तिथे थोडा वेळ बसलो. सकू दर बुधवारी तंबाखू घेऊन इथे यायची आणि मशेरी घेऊन परत जायची. मध्ये चूल पेटत नव्हती. मग बघितलं तर खोपटाच्या मागून एक पायवाट पुढे गेली होती. ती वाट आमच्या वापरातली नव्हती, पण चांगली मळलेली होती. मी तिच्यावरून गेलो. ओढा ओलांडला की दहा मिनिटांवर आदिवासी वाडी आहे. वाट तिथल्या पहिल्याच झोपडीच्या अंगणात संपली. कुडाला एक खापर टेकवून ठेवलं होतं, मोठ्या मडक्याचं फुटकं बूड, आतून काळं कुळकुळीत. हुंगायची गरज पडली नाही.

झोपडी जानीची होती. जानी आमच्याकडे लाकडं आणून द्यायची, लावणीला यायची. सकू गेली त्या दिवशी ती आमच्या कुंपणापाशी बराच वेळ उभी होती. मला वाटलं लाकडांचं विचारायला आली आहे. मी अक्षदाला सांगितलं होतं, तिला उद्या ये म्हण.

तिचा नवरा सुक्या भांडी दोरीने बांधत होता. यंदा पाऊस लांबला म्हणून वीटभट्ट्या उशिरा लागल्या होत्या. त्यांचा ट्रक रविवारी येणार होता.

"बसा दादा," जानी म्हणाली.

मी बसलो. विचारलं, "सकू इथे यायची?"

"बुधवारी."

"मशेरी इथे भाजायची?"

जानीने सुक्याकडे पाहिलं. सुक्या मान खाली घालून गाठ मारत होता. "सांग ना गो," तो म्हणाला. "आता काय लपवतंस? ती तर गेली."

"ती नाय भाजायची. मी भाजायची," जानी म्हणाली. "ती त्या जांभळीखाली बसायची, वारा नसेल त्या अंगाला. तिला धूर सोसत नव्हता. दमा उठला तवापासून."

"किती वर्षं झाली?"

"धा झाली असतील. चाळायची मात्र तीच. चाळणं तिच्यासारकं मला येत नाय."

"मला बोलली नाही कधी."

"तुमी इचारलं का कदी?"

मी विचारलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. भट्टीवर जायच्या आधी ती वैशाखापर्यंतची भाजून ठेवायची आणि सकू बुधवारी थोडी थोडी चाळून न्यायची. भाजण्याबद्दल तंबाखूतला एक वाटा जानीचा. बारावा डबा तिचाच. गावात सांगायचं नाही असं दोघींनी मिळून ठरवलं होतं, कारण गावातल्या बायका वाडीवरचं पाणी पीत नाहीत, मशेरी कुठून तोंडात घालतील. हे सांगताना जानीला हसू आलं. "धा वरसं घालतायत," ती म्हणाली. "जनाबायच्या तोंडात दात नाय उरले माझी मशेरी लावून."

सुक्यापण हसला. मीपण हसलो असेन.

"पन यंदा सकूबाय सांगनार व्हती," जानी म्हणाली. "जत्रंची तंबाखू आली, डबे भरले, की बायांना बोलावनार आनि सांगनार, ही जानीच्या हातची हाय म्हनून. मला बोलली, जाने, माझा दम पुरत नाय आता, उद्या मी नसले तर तुझ्याकडं तंबाखू कोन आनल? त्यांना सरळ तुझ्याकडं येऊ दे. तसा शब्द दिला व्हता मला."

"हो," मी म्हटलं.

"आता ती नाय. कुनाला म्हाईत नाय. मी वैशाखात भट्टीवरून येईन तवा मला इचारनार कोन? आमाला तंबाखू इकत घेनं व्हत नाय दादा, आनि आता तर ती म्हागनार."

म्हणजे सकूचे शब्द दोन होते. एक बायकांना दिलेला आणि एक जानीला. मला पहिलाच माहीत होता.

"तू भाजून दे," मी म्हटलं. "मी सांगतो."

"सांगाल?"

"सांगतो म्हटलं ना."

"दादांना बाया बोलू देतील तर," सुक्या म्हणाला.

शुक्रवारी सकाळी पाणी बंद करून मी गोणी आणि डबे बैलगाडीतून वाडीवर नेले. धाकलूने विचारलं तर सांगितलं, मळ्यावर भाजायला नेतोय. ते अगदी खोटं नव्हतं, मळा वाटेत लागतो.

दोन दिवस लागले. मी जांभळीखाली बसलो, चाळायला. जानी खापरावर पानं घालायची आणि डोळे मिटून घ्यायची. मी विचारलं, डोळे मिटल्यावर दिसतं कसं? ती म्हणाली, बघायचं नसतंच, ऐकायचं असतं. पानाचे देठ तडतडतात. तडतड थांबली की आठ-दहा श्वास जाऊ द्यायचे आणि खापर उतरवायचं. मी मन लावून ऐकलं. मला सगळं सारखंच वाटलं.

"सकू इथे बसून काय बोलायची?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"काय पन. सुनेचं, नातीचं. तुमचं बोलायची."

"माझं काय?"

जानीने खापर उतरवलं, मग सांगितलं. "बोलायची, सगळ्या गावाला पानी सोडतो, पन घरातली एक घागर कदी उचलून ठेवली नाय."

मी चाळत राहिलो. थोडं खाली सांडलं.

"सकूबाय इतकी सांडत नव्हती," जानी म्हणाली.

रविवारी सकाळी ट्रक आला. जानी बारावा डबा पदरात बांधून मागे चढली. गावातलं आणखी कोणी तिथे नव्हतं. ट्रक सुटताना तिने मला पुन्हा विचारलं नाही. तिला वाटलं असणार, एकदा सांगतो म्हणालाय म्हणजे झालं.

सोमवारी सकाळी व्हॉल्व्ह फिरवला आणि अकरा जणींना आमच्या अंगणात बोलावलं. मी विचार केला होता. आधी डबे द्यायचे. मग त्या लावून बघणार. एकदा मशेरी तोंडात गेली की अर्धा तास कोणी बोलत नाही. त्या वेळात सांगून टाकायचं. थुंकेपर्यंत राग निम्मा होईल आणि चव तर लागलेलीच असेल. सकूनेही हीच वेळ धरली असती असं मला वाटतं.

डबे दिले. अकरा जणी अंगणात भिंतीला टेकून बसल्या, चिमूट घेतली, बोटं चालू झाली. सगळं शांत झालं. नळाचं पाणी घागरीत पडत होतं तेवढाच आवाज. मी उभा राहिलो. म्हटलं, "एक सांगायचं आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जनावहिनीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती भिंतीला धरून उठली, माझ्याजवळ आली, काळं बोट तोंडातून काढलं आणि माझा हात धरला. बोलता येत नव्हतं. दुसऱ्या हाताने तिने आत ओटीवर लावलेला सकूचा फोटो दाखवला. मग माझा हात उलटा करून त्याच्याकडे बघत राहिली. बाकीच्यांनीही बघितलं. दोघी-तिघी रडायला लागल्या, तोंड मिटून. तोंड मिटून रडणाऱ्या बायका मी आधी पाहिल्या नव्हत्या.

जनावहिनी कडेला जाऊन थुंकली, चूळ भरली आणि आली.

"हीच," ती म्हणाली. "सकूचीच हाय. तुझ्या हातात सकूचा हात आलाय रे अनंता."

मी माझ्या हाताकडे पाहिलं.

"पहिली राख केलीस तवा मी बोलले, ह्याला काय येनार. आनि बघ. ती शिकवून गेली तुला. स्वप्नात आली का रे?"

"नाही," मी म्हटलं.

"आली असंल. तुला कळलं नसंल."

मग एकेक करून सगळ्या थुंकून आल्या आणि तेच म्हणाल्या. एकजण म्हणाली, मी हा डबा लावायला काढणारच नाही, सकूची आठवण म्हणून ठेवणार. जनावहिनी म्हणाली, येडी का काय, लाव, अनंता करून देईल की आता. तुझी संपली की बुधवारी देत जा त्याच्याकडं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडं मोकळी होती, पण वेळ होता. मी म्हटलं, "साडेसात होत आले, पाणी बंद करायचं आहे," आणि टाकीकडे गेलो. तेव्हा सात वाजले होते. त्या दिवशी गावाला पाणी अर्धा तास कमी मिळालं आणि एकाही बाईने तक्रार केली नाही.

मी का बोललो नाही ते साधं आहे. बायका म्हणत होत्या की सकू माझ्या हातात आली आहे. ते खरं नाही हे मला माहीत होतं. तो हात जानीचा होता. पण सकू गेल्यापासून ती कुठे आहे याबद्दल कोणी मला काही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदाच कोणीतरी जागा सांगितली. ती मला लगेच खोडवली नाही.

पहिली तारीख आली आणि गेली. काही बंद झालं नाही. शहापुरात तंबाखू मिळते, भाव चढला आहे. पोलीस कोणाकडे आले नाहीत.

होळीनंतर दोघींचे डबे संपले. वर्षाचे होते, पण भरलेला डबा बघून चिमूट मोठी होते. त्यांनी तंबाखू आणून आमच्या ओटीवर ठेवली. मी सांगितलं, दमट आहे, ऊन लागू दे. पुढच्या बुधवारी सांगितलं, हात दुखतो. जनावहिनीने तेल आणून दिलं आणि बायकांना म्हणाली, सकूच्या हाताला जपायला पाहिजे.

एकदा मी ओटीवर तिला एकटीला गाठून म्हटलं, "वहिनी, त्या मशेरीचं सांगायचं होतं."

"कमी पडली का तंबाखू?"

"नाही. भाजण्याचं."

"भाजन्याचं मला नको सांगू. सकूनं कुनाला सांगितलं नाय, तू पन सांगू नको. घरातली गोष्ट घरात ठेवावी." असं म्हणून तिने मशेरीची चिमूट तोंडात टाकली.

मी तिच्याशेजारी बसून राहिलो. तिचा अर्धा तास होईपर्यंत बसलो होतो. तेवढा वेळ मला पुरला असता.

आता चैत्र चालू आहे. ओटीवर पाच जणींची तंबाखू आहे, ऊन खाऊन कडक झालेली. सुक्याचा भट्टीवरून फोन येतो. जानी मागून ओरडून विचारते, पाणी येतं का वाडीला, उन्हाळ्यात कमी होतं. मी सांगतो, येतं. मशेरीचं ती विचारत नाही. ते झालं असं ती धरून आहे.

वैशाखात ती परत येईल. गावातल्या एकाही बाईला मी अजून सांगितलेलं नाही.